वजा वजा अधिक: ऋणसंख्यांच्या नियमामागची गोष्ट

पाचातून उणे तीन वजा केले तर उत्तर आठ. सहावीत पूर्णांक संख्या शिकताना मुलं हमखास इथे अडतात. वजा केलं की कमी होतं, हे तोवर त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. मग ‘वजा वजा अधिक’ असं घोकून घेतलं जातं आणि नियमाचं मूळ ज्या शब्दात आहे, तो नुसताच कानावरून जातो. तो शब्द म्हणजे ऋण. ऋण म्हणजे कर्ज.

चीनमध्ये गणिती फार पूर्वीपासून दोन रंगांच्या काड्या मांडून धन-ऋणाचा हिशेब करत. पण शून्यासकट सगळे नियम सूत्रबद्ध केले ते भिल्लमाळच्या, म्हणजे आजच्या राजस्थानातल्या भीनमाळच्या, ब्रह्मगुप्ताने, इ. स. ६२८ मध्ये. ‘धनयोर्धनमृणमृणयोर्धनर्णयोरन्तरम्’: दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची ऋण, धन आणि ऋण एकत्र आले तर त्यांतला फरक. आणि दोन्ही सारखी असली तर शून्य.

हे खिशातल्या पैशांवर करून पाहावं. जवळ ८ रुपये आहेत आणि वाण्याची उधारी ३ रुपये, म्हणजे खरे आपले ५. वाण्याने उधारी माफ केली. त्या पाचातून उणे तीन निघून गेले आणि आपले झाले ८. मला तरी याहून सोपं स्पष्टीकरण सापडलेलं नाही.

पाचशे वर्षांनी भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ या ग्रंथात लिहिलं, ‘संशोध्यमानं स्वमृणत्वमेति स्वत्वं क्षयः’. वजा करायचं धन ऋण होतं, ऋण धन होतं. मग नेहमीसारखी बेरीज करा. आजच्या पुस्तकातलं ‘विरुद्ध संख्या मिळवा’ ते हेच. तेव्हा उणे चिन्ह नव्हतं, ऋणसंख्येच्या डोक्यावर टिंब देत.

पण ऋणसंख्या पचायला त्यांनाही सोपी नव्हती. त्यांचं वानरांचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून वर्ग केला, तितकी वानरं गुहेत गेली, एक झाडावर दिसलं. उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पाच धरले तर पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. वर्ग चार, झाडावरचं एक, एकूण पाच. हिशेब चोख जुळतो. तरीही भास्कराचार्यांनी ५ सोडून दिलं, कारण अशा ऋण राशीवर लोकांचा विश्वास बसत नाही. युरोपात तर अठराव्या शतकाच्या अखेरीसही ऋणसंख्या मोडीत काढू पाहणारे गणिती होते.

‘लीलावती’ या ग्रंथात मात्र त्याच भास्कराचार्यांनी ऋणाला जागा दिली. त्रिकोणाच्या बाजू १० आणि १७, पाया ९. शिरोबिंदूतून सोडलेला लंब पायाच्या बाहेर पडतो आणि पायाचा एक खंड उणे ६ येतो. ते सांगतात, ऋण म्हणजे उलट दिशा. लंबाच्या पायथ्यापासून एका बाजूला १५, त्यातलेच ६ मागे, उरतो ९ चा पाया. शाळेतल्या फळ्यावरची संख्यारेषा हीच.