बजेटमध्ये नाव आलं म्हणजे पूल झाला?

‘आपल्या पुलाला बजेटमध्ये पैसे आले!’ हा मेसेज दर मार्चात फिरतो. पैसे आलेले नसतात. विधिमंडळाने फक्त खर्चाला मंजुरी दिलेली असते. वित्त विभागाने ‘बीम्स’ या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर निधी सोडला नाही, तर कोषागारातून बिल निघत नाही. मग कंत्राटदार हात आखडतो आणि खडी रस्त्याकडेला पडून राहते.

‘कर्ज काढा की!’ काढतातच. पण राज्याला नोटा छापता येत नाहीत. केंद्राकडून घेतलेलं कर्ज फेडायचं बाकी असेल, तर राज्यघटनेच्या कलम 293 नुसार नव्या कर्जाला केंद्राची संमती लागते. शिवाय तूट, म्हणजे कर्जाने भरायची रक्कम, साधारण स्थूल राज्य उत्पन्नाच्या (राज्यात वर्षभरात होणाऱ्या एकूण उत्पादनाच्या मूल्याच्या) 3 टक्क्यांत ठेवायची. पगार, पेन्शन, व्याज चुकत नाही. म्हणून कात्री बहुधा पुलालाच. आमदारांना तरतूद, म्हणजे बजेटमधला आकडा, नको; वितरित, म्हणजे प्रत्यक्ष सोडलेला, निधी किती ते विचारा.