सातारा-सांगलीत अक्षर आलं ते हिशेबाच्या वाटेनं

1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली कर्जखतं बाहेर काढून जाळली. मग सरकार हललं आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू होता. त्या वेळच्या साताऱ्यात वाळवा, तासगाव, खानापूर हे आज सांगलीत असलेले तालुकेही होते. शेतकऱ्यानं करून दिलेला दस्त गावच्या निबंधकासमोरच झाला पाहिजे, नाहीतर तो ग्राह्य धरायचा नाही, असं हा कायदा सांगत होता. सावकारानं पैसे मिळाल्याची पावती द्यायची आणि शेतकऱ्यानं मागितला तर हिशेबही लिहून द्यायचा होता.

ज्याचा अंगठा कागदावर उठतो त्याला त्या कागदात काय लिहिलंय हे कळत नाही, याची ही सरकारी कबुलीच होती. पण उपाय म्हणून सरकारनं मध्ये एक माणूस बसवला. शेतकऱ्याला वाचता यावं ही जबाबदारी सरकारनं घेतली नाही. पावती मिळाली तरी ती वाचून घ्यायला पुन्हा कुणाच्या तरी ओसरीवर जावंच लागायचं.

हे दुखणं जोतीराव फुल्यांनी नेमकं ओळखलं होतं. फुल्यांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, तर सावित्रीबाईंचं माहेर खंडाळा तालुक्यातलं नायगाव. 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी सरळ सांगितलं, की सरकारची तिजोरी रयतेच्या घामातून भरते आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे. निदान बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. ती तेव्हा कुणी मनावर घेतली नाही. पुढे 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झालं. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

फुल्यांची मागणी या मातीत प्रत्यक्ष रुजवली ती कर्मवीर भाऊराव पाटलांनी. फुल्यांच्या सत्यशोधक विचारात वाढलेला हा माणूस. वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक हे त्यांच्या घराण्याचं गाव. 1910च्या सुमारास मिरजेजवळच्या दूधगावात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर वसतिगृहाचा प्रयोग केला. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि 1924 मध्ये संस्थेचा मुक्काम साताऱ्याला हलला. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. धान्य संपलं की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई अंगावरचे दागिने काढून द्यायच्या, शेवटी मंगळसूत्रही गेलं. 1930 मध्ये त्या वारल्या. त्यांच्या वाट्याची ही किंमत संस्थेच्या इतिहासात ठळक अक्षरांत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

भाऊरावांची दृष्टी व्यवहारी होती. खेड्यात शाळा काढायची तर खेड्यात टिकणारा मास्तर हवा, म्हणून 1935 मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय उघडलं. 1938 पासून, जिथे सरकारी शाळा पोचलीच नव्हती अशा गावांत एकशिक्षकी व्हॉलंटरी शाळा निघाल्या. पहिली साताऱ्याजवळच्या यवतेश्वरला. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांचा आकडा पाचशेच्या वर गेला. शाळा कधी देवळात भरायची, कधी चावडीत. आज साठी-सत्तरीतल्या पुष्कळ माणसांच्या घराण्यातला पहिला शिकलेला माणूस अशाच एखाद्या शाळेतून बाहेर पडलेला असतो.

त्याच काळात औंध संस्थानात दुसरा प्रयोग चालू होता. औंध खटाव तालुक्यात, पण आटपाडी आणि कुंडल ही त्याच संस्थानातली गावं आज सांगलीत आहेत. भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 मध्ये प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना लागू केली. मतदाराला लिहिता-वाचता आलं पाहिजे, असा गांधींचा आग्रह होता. त्यामागची तळमळ समजते, पण अट पटत नाही. ज्याला शिकू दिलं नाही त्यालाच मत नाकारायचं, हा दुहेरी अन्याय झाला. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनं अशी अट घातली नाही, तेच योग्य झालं. 1951च्या जनगणनेत देशातली साक्षरता अवघी 18.33 टक्के होती. तशी अट असती तर दर पाच माणसांतली चार मतपेटीपासून लांब राहिली असती.

1959 मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. त्याच वर्षी 9 मे रोजी कर्मवीर गेले. मोहिमेचा भर 14 ते 50 वयाच्या प्रौढांवर होता. शिकवायला गावातलेच शिक्षक आणि शिकलेली मंडळी असायची. शेतावरून आल्यावर, भाकरतुकडा खाऊन बाया-माणसं कंदिलाच्या उजेडात पाटीवर अक्षरं गिरवायची. गाव पूर्ण साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा आणि ग्रामदेवतेच्या साक्षीनं शपथ घेतली जायची. एकेकट्याचा नव्हे, अख्ख्या गावाचा मान पणाला लावायचा, ही या मोहिमेची खरी ताकद होती. 1961 मध्ये ती राज्यभर नेण्यात आली.

अडचण समारंभानंतरची होती. चार-सहा महिन्यांत शिकलेलं अक्षर हाताला रोज लागलं नाही तर पुसट होत जातं. सही तेवढी राहते, वाचन जातं. प्रौढ साक्षरतेच्या पुढच्या सगळ्या योजनांना हाच खड्डा लागला. वर्ग उघडायला पैसा आणि उत्साह सापडतो, वर्गानंतर वाचायला काय द्यायचं याचा विचार मागे पडतो.

म्हणून रोजचे कागद बघावेत. उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर चढते तेव्हा मिळणाऱ्या पावतीवर भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि निव्वळ वजन असतं. ज्याला ती वजाबाकी करता येते तो खिडकीपाशी थांबून प्रश्न विचारतो, बाकीचे घडी करून खिशात घालतात. सातबाऱ्यावर आपलं नाव शोधणं सोपं आहे. खरं वाचायचं असतं ते ‘इतर हक्क’ या रकान्यात. सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज, कुळाचं नाव तिथेच बसलेलं असतं. भावकीतले कितीतरी दावे त्या एका रकान्याकडे वेळेवर न बघितल्यानं उभे राहिलेत.

माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांची गोष्ट इथेच येते. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानं त्यांनी महिलांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. प्रवर्तकांत निरक्षर बायका आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला. बायका अक्षरं शिकायला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. व्याजाचा हिशेब आम्हाला तोंडी घाला, आम्ही तुमच्या आधी उत्तर देतो, असं त्यांचं म्हणणं होतं. 1997 मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. हिशेब त्यांना आधीपासून येत होता, कागद तेवढा त्यांच्या हातात नव्हता.

2011च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची साक्षरता 82.87 टक्के, सांगलीची 81.48. राज्यात पुरुष 88.38 टक्के आणि स्त्रिया 75.87, म्हणजे मागे राहिलेल्यांत बायकांचीच संख्या मोठी. 2022 पासूनच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरच्या असाक्षरांची वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी मिळून दीडशे गुणांची चाचणी होते. नातवाच्या शाळेत, नातवाच्याच बाकावर बसून आजी पेपर लिहिते. उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं की योजनेच्या लेखी ती साक्षर. तिच्या हाती पुढे मोठ्या अक्षरातलं, तिच्या कामाचं पुस्तक कोण देणार, हा 1961चाच प्रश्न आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार 2017 मध्ये पुस्तकांचं गाव झालं, पण माण-खटाव किंवा जतमधल्या बाईला भिलार लांब पडतं.

आणि एक गट अजूनही बाहेरच आहे. दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातून ऊसतोड कामगार या दोन्ही जिल्ह्यांत येतात, पोरंबाळंही बरोबर असतात. गावाकडच्या शाळेच्या हजेरीत त्यांचं नाव असतं आणि मूल इकडे कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत. या मुलांसाठी तोडीच्या ठिकाणी भरणारी साखरशाळा हा त्यावरचा तोडगा, पण ती कुठे भरते, कुठे भरत नाही. पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की टोळी परत जाते, तोवर गावाकडे वार्षिक परीक्षा येऊन ठेपलेली असते.