जुना प्रिंटर ऑफिसच्या नेटवर्कवर घेताना

दुकानात फोन येतो तो साधारण असा: "नवे तीन कॉम्प्युटर घेतले, पण प्रिंटर एकाच टेबलावर आहे. बाकीची मंडळी पेन ड्राइव्ह घेऊन फेऱ्या मारतात. काही होईल का, की प्रिंटरच नवा घ्यायचा?"

बहुतेक वेळा होतं. मात्र कसं होईल, हे प्रिंटरच्या वयापेक्षा त्याच्या जातीवर ठरतं. ती जात न बघता लोक ऑनलाइन एखादी प्रिंट सर्व्हरची (प्रिंटर नेटवर्कला जोडणारी) डबी मागवतात, ती चालत नाही, मग आमच्याकडे येतात. तो खर्च टाळावा म्हणून हे पत्रक.

आधी प्रिंटर फिरवून मागची बाजू बघा

लॅन केबलची खाच असेल तर निम्मं काम झालंच. ती केबल राऊटरला किंवा स्विचला जोडायची, मग प्रत्येक कॉम्प्युटर थेट प्रिंटरशी बोलतो, मध्ये कुणाची गरज नाही. लॅन केबल १०० मीटरपर्यंत नेता येते, म्हणजे प्रिंटर आतल्या खोलीतही चालेल.

नुसती चौकोनी यूएसबी खाच असेल तर तो एका कॉम्प्युटरपुरताच बनवलेला आहे. यूएसबी केबल ५ मीटरपेक्षा लांब घेऊ नका. केबलला केबल जोडून दहा मीटर केलेली आम्ही पाहिली आहे. छपाई मध्येच अर्धवट थांबायची आणि दोष प्रिंटरला जायचा.

दोन्ही बाजूंना तारेच्या क्लिपा असलेलं लांबट सॉकेट दिसलं तर तो पॅरलल पोर्ट. डॉट मॅट्रिक्सवर अजून असतो. असा प्रिंटर बघून ग्राहक आधीच हताश झालेले असतात, पण नेटवर्कवर घ्यायला तोच सोपा निघतो. ते का, हे थोडं सविस्तर सांगायला हवं.

पान कोण जुळवतो?

डॉट मॅट्रिक्सला अक्षरं पाठवली की तो अक्षरं छापतो. एप्सन एलएक्स-३०० सारख्या यंत्राची स्वतःची आज्ञांची भाषा आहे, ईएससी/पी नावाची. ऑफिसच्या मोठ्या लेझर प्रिंटरांना अशीच पीसीएल नावाची भाषा येते. कॉम्प्युटरने फक्त मजकूर आणि आज्ञा पाठवायच्या, पान जुळवण्याचं काम प्रिंटरचं. त्यामुळे मध्ये प्रिंट सर्व्हरची छोटी डबी बसवली तरी चालतं. डबी एका बाजूने नेटवर्ककडून आलेलं घेते आणि दुसऱ्या बाजूने जसंच्या तसं पुढे ढकलते. तिला काही समजावं लागत नाही. कार्बन लावून तीन प्रतींत बिलं काढणाऱ्या अडत दुकानांत ही व्यवस्था उत्तम चालते.

खरी पंचाईत त्यांच्यानंतर आलेल्या स्वस्त लेझर प्रिंटरांची. एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० ही नावं तुमच्या ओळखीची असतीलच. सीए आणि वकिलांच्या ऑफिसांत आम्हाला हेच दोन जास्त भेटतात. किंमत कमी ठेवायची म्हणून यांच्यातला मेंदू काढून तुमच्या कॉम्प्युटरवर टाकला आहे. पान कॉम्प्युटरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, जुळवतो, प्रिंटर फक्त ठिपके उमटवतो. १०२० तर आणखी पुढचा: त्याचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, त्याच्या पोटात टिकत नाही, चालू केला की दर वेळी कॉम्प्युटरकडून भरून घ्यावं लागतं. साध्या डबीकडे हे भरायला काहीच नसतं. दिवा लागतो, नेटवर्कवर नाव दिसतं, पान मात्र येत नाही. राऊटरच्या मागच्या यूएसबी पोर्टाचंही तेच.

म्हणून या दोन मॉडेलांसाठी आम्ही साधी डबी विकत नाही. १०२० असेल तर त्याच्याशेजारी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर ठेवून त्यावर लिनक्स (विंडोजसारखीच एक यंत्रणा) आणि कप्स हे तिचं छपाईचं सॉफ्टवेअर बसवतो. फर्मवेअर तोच भरतो. २९०० चा कॅननने दिलेला लिनक्स ड्रायव्हर इंटेलच्या जातीच्या प्रोसेसरसाठी आहे, तो रास्पबेरी पायवर चालत नाही. तिथे प्रिंटर एखाद्या जुन्या डेस्कटॉपला जोडून तिथून सर्वांना देणं बरं.

एका कॉम्प्युटरवरून सर्वांना शेअर करताना

ही सर्वांत स्वस्त पद्धत. प्रिंटर ज्याला जोडला आहे तो कॉम्प्युटर यजमान, बाकीचे पाहुणे. अट एकच, यजमान जागा हवा. तो स्लीपमध्ये गेला की सगळ्यांची छपाई बंद, तेव्हा ते सेटिंग आधी बंद करा. आणि शक्यतो मालकांचा लॅपटॉप यजमान करू नका, तो संध्याकाळी घरी जातो.

पूर्वी हे शेअरिंग पाच मिनिटांत व्हायचं. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई व्यवस्थेत 'प्रिंटनाइटमेअर' नावाची गंभीर फट उघड झाली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने नियम कडक केले. नेटवर्कवरून ड्रायव्हर बसवायला ॲडमिनचा पासवर्ड लागू लागला, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेवटी '११बी' असलेला एरर घरोघरी दिसू लागला. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत तर पासवर्डाशिवाय पाहुणा म्हणून शिरणंही मुळातच बंद आहे. "काल चालत होतं, आज नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा यातलंच काहीतरी असतं.

आम्ही काय करतो: यजमानावर छपाईपुरतं वेगळं खातं उघडतो, त्याला पासवर्ड देतो आणि तो प्रत्येक पाहुण्या कॉम्प्युटरवर एकदाच साठवून ठेवतो. ड्रायव्हर प्रत्येक ठिकाणी आधी हाताने बसवतो. प्रिंटरचं शेअर नाव छोटं, मध्ये जागा न सोडता ठेवतो. दोन्हीकडचं विंडोज अद्ययावत ठेवतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) एक आकडा बदलून हे संरक्षणच बंद करण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. ती चालते, पण उघडं टाकलेलं दार नंतर कुणी लावत नाही, म्हणून आम्ही ती करत नाही.

जुनं डॉसचं (विंडोजच्या आधीच्या काळातलं) बिलिंग वापरणाऱ्यांसाठी: ते सॉफ्टवेअर फक्त एलपीटी१, म्हणजे कॉम्प्युटरचा पहिला पॅरलल पोर्ट, ओळखतं. 'नेट यूज' या आज्ञेने नेटवर्कवरचा प्रिंटर एलपीटी१ च्या नावाने दाखवता येतो. मात्र असं सॉफ्टवेअर ६४-बिट विंडोजवर थेट उघडत नाही आणि विंडोज ११ ३२-बिटमध्ये मिळतच नाही. जुना कॉम्प्युटर मोडीत काढण्याआधी आम्हाला विचारा.

पत्ता कायम ठेवा

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात लॅनचा लेझर प्रिंटर चार वर्षं सुरळीत चालला आणि एका सोमवारी गप्प झाला. प्रिंटरला काही झालं नव्हतं. शनिवारी इंटरनेट कंपनी बदलली होती. जुना राऊटर प्रत्येक यंत्राला १९२.१६८.१ ने सुरू होणारे नेटवर्कवरचे (आयपी) पत्ते द्यायचा, नवा १९२.१६८.२९ ने. प्रिंटरवर जुना पत्ता हाताने टाकलेला, म्हणजे तो एका गल्लीत आणि सगळे कॉम्प्युटर दुसऱ्या.

याच्या उलटही होतं. पत्ता राऊटरवर सोडला तर लाइट जाऊन आल्यावर प्रिंटरला वेगळा पत्ता मिळू शकतो आणि विंडोज 'ऑफलाइन' म्हणतं. उपाय असा: राऊटरमध्येच त्या प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवायचा आणि विंडोजमध्ये आपोआप सापडलेला पोर्ट न घेता 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी' पोर्ट निवडून तो पत्ता टाकायचा. तो प्रिंटरवर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा. राऊटर बदलायला माणूस आला की त्याला ती चिठ्ठी दाखवा.

लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. फ्यूजर (शाई कागदावर पक्की करणारा गरम भाग) तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो. टेबलाखालचा ६०० व्हीएचा यूपीएस तेवढ्याने ट्रिप होतो आणि सोबत कॉम्प्युटरही बंद. डॉट मॅट्रिक्सला हरकत नाही.

कधी नको म्हणू

६४-बिट ड्रायव्हर कुठेच नसेल, किंवा फ्यूजर आणि पिकअप रोलर (कागद आत ओढणारा) दोन्ही गेले असतील, तर आम्ही नवा घ्या म्हणून सांगतो. केवळ जुना आहे म्हणून सांगणार नाही. १०२० चं १२ए काड्रिज अजून सहज मिळतं, साधारण २,००० पानं देतं, आणि रिफिल करणारे गल्लोगल्ली आहेत. विंडोज ११ मधला 'प्रोटेक्टेड प्रिंट मोड' मात्र चालू करू नका, त्यात जुने ड्रायव्हर बाद होतात.

आम्हाला बोलावण्याआधी तीन फोटो पाठवा: प्रिंटरच्या मागच्या खाचा, मॉडेलची पट्टी आणि राऊटरची मागची बाजू. सोबत कॉम्प्युटर किती आणि कोणत्या विंडोजचे, तेवढं लिहा. विंडोज १० असेल तर आवर्जून कळवा, कारण त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. फोटो बघून काम जमेल की नाही ते फोनवरच सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.