स्वयंप्रकाशित ई-पुस्तकांची अल्प किंमत

लेखकाने प्रकाशकाविना स्वतःच विक्रीला ठेवलेल्या ई-पुस्तकाची किंमत मुद्दाम कमी ठेवून वाचक जोडण्याची पद्धत. प्रत्येक प्रतीमागे कागद, छपाई, बांधणी, गोदाम यांचा खर्च नसल्याने ई-पुस्तक अगदी फुकटही देता येते. छापील पुस्तकाच्या बाबतीत नवख्या लेखकाला हे झेपत नाही. पण देता येते म्हणून द्यावेच असे नाही, आणि इथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो.

ही पद्धत रुजली अमेरिकेत. अ‍ॅमेझॉनने नोव्हेंबर २००७ मध्ये किंडल हे ई-वाचनयंत्र आणले, तेव्हाच लेखकांना थेट पुस्तक विकण्याची सोयही दिली; तीच आजची किंडल डायरेक्ट पब्लिशिंग (केडीपी). आरंभी रॉयल्टी ३५ टक्के होती. जून २०१० अखेरीस २.९९ ते ९.९९ डॉलर किमतीच्या पुस्तकांना ७० टक्क्यांचा पर्याय मिळाला, त्याखालच्या पुस्तकांना ३५ टक्केच राहिले. त्यामुळे ९९ सेंटांच्या पुस्तकामागे लेखकाच्या हाती ३५ सेंट पडतात, तर २.९९ डॉलरच्या पुस्तकामागे, फाइल एक एमबीची असेल तर (फाइलच्या आकारानुसार थोडी रक्कम आधी कापली जाते), सुमारे १.९९ डॉलर. किंमत एक तृतीयांश केली की तेवढ्याच कमाईसाठी जवळपास सहापट प्रती खपाव्या लागतात.

तेवढ्या प्रती खपल्याचीही उदाहरणे आहेत. जॉन लॉक या लेखकाने ९९ सेंटांच्या कादंबऱ्या विकत जून २०११ मध्ये किंडलवर दहा लाख प्रतींचा टप्पा ओलांडला. स्वयंप्रकाशित लेखकांत तो पहिला. अमांडा हॉकिंग हिने मालिकेचा पहिला भाग ९९ सेंटांना आणि पुढचे भाग २.९९ डॉलरला ठेवले. अनुकरण करावे ते हिचे. रात्री अकराला पहिला भाग संपतो, शेवटच्या पानावर दुसऱ्या भागाचा दुवा असतो आणि वाचक तिथेच बोट टेकवतो. लेखकाची कमाई होते ती या क्षणी. पहिल्या भागाची किंमत केवळ वाचकाला इथवर आणण्यासाठी असते. ज्याच्याकडे एकच पुस्तक आहे, त्याने ते कायमचे स्वस्त ठेवणे म्हणजे दोन-तीन वर्षांची मेहनत मातीमोल करणे होय.

काही लेखक पहिला भाग कायम फुकट ठेवतात. किंडलवर स्वतः शून्य किंमत लावता येत नाही, म्हणून पुस्तक इतर दुकानांत फुकट ठेवायचे आणि अ‍ॅमेझॉन ती किंमत जुळवील याची वाट पाहायची, अशी ही युक्ती. डिसेंबर २०११ मध्ये सुरू झालेल्या केडीपी सिलेक्ट या ऐच्छिक योजनेत ९० दिवसांत ५ दिवस पुस्तक फुकट देता येते. मात्र त्या ९० दिवसांत ते ई-स्वरूपात अन्यत्र विकता येत नाही. काही दिवसांपुरती किंमत उतरवून बुकबबसारख्या सेवांच्या ईमेलमधून ती खबर वाचकांपर्यंत पोहोचवणे हा आणखी एक मार्ग.

मराठी पुस्तके किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर किंमत किमान ९९ रुपये हवी आणि पुस्तक सिलेक्टमध्येही हवे. शिवाय दर एमबीमागे ७ रुपये कापले जातात. पाककृतींच्या पुस्तकात छायाचित्रे भरून फाइल चार एमबीची झाली, तर ९९ रुपयांतून आधी २८ रुपये जातात आणि कर बाजूला ठेवला तरी लेखिकेला पन्नासच्या आत मिळतात. फोटो बारीक करून फाइल एक एमबीवर आणली, तर तेच ६४ रुपये होतात. किंमत ४९ केली तर ३५ टक्क्यांनी जेमतेम १७. ई-साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्था मराठी ई-पुस्तके विनामूल्य देत असल्याने स्वस्ताईची स्पर्धा इथे थेट फुकटाशी आहे, आणि त्या स्पर्धेत ४९ आणि ९९ यांतला फरक वाचकाला फारसा जाणवत नाही.

करानेही लेखकाला साथ दिली नाही. जुलै २०१८ मध्ये ई-पुस्तकांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरताच. स्वतःच्या बळावर लिहिणाऱ्याचे पहिले पुस्तक बहुधा केवळ ई-स्वरूपातच निघते; ते या सवलतीबाहेर राहिले.