झेंडू आणि शेवंती : दोन परक्या फुलांची पार्श्वभूमी

पूजेच्या शेवटी देवाला फुलं वाहताना म्हणायचा एक श्लोक अनेकांना पाठ असतो. ‘सेवंतिका बकुल चंपक’ अशी त्याची सुरुवात. पुढे कमळ येतं, पुन्नाग, जाई, कण्हेर येतात, आंब्याचा मोहोरही येतो. झेंडू मात्र कुठेच नाही. ज्या फुलावाचून आज दसऱ्याचं तोरण होत नाही आणि रिक्षापासून ट्रॅक्टरपर्यंत एकही गाडी सजत नाही, त्याचं नाव श्लोकात नाही, कारण तो मुळात इथला नाही. शेवंतीही परकीच, चीनकडची. श्लोकातल्या सेवंतिकेबद्दल जपूनच बोलायला हवं, कारण हिंदीत ‘सेवती’ म्हणजे पांढरा गुलाब.

झेंडूचं माहेर मेक्सिको. तिथल्या नाहुआत्ल भाषेत त्याचं नाव ‘सेंपोआल्शोचित्ल’, म्हणजे ‘वीस फूल’. इतक्या पाकळ्या की मोजायच्या तरी किती, असा त्याचा भाव. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. घराच्या दारापासून आतल्या वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. त्या रंगाच्या आणि वासाच्या मागोमाग वारलेली माणसं घरी येतात, अशी श्रद्धा. आपल्या दिवाळीचेही साधारण हेच दिवस. हा निव्वळ योगायोग नाही, असं मला वाटतं. मध्य मेक्सिकोतही जून ते सप्टेंबर पाऊस पडतो आणि तो ओसरला की झेंडू बहरतो. अगदी आपल्यासारखंच. म्हणून तर इथल्या मातीत तो इतक्या सहज रुजला.

स्पॅनिश लोकांनी १६व्या शतकात हे फूल युरोपात नेलं. १५४२ साली जर्मनीच्या लेओनहार्ट फुक्स यांनी आपल्या वनस्पतिग्रंथात मका आणि मिरचीबरोबर झेंडूचंही चित्र छापलं. पुढे नावांचा गोंधळ झाला तो कायमचाच. मोठ्या फुलाचा तो ‘आफ्रिकन मेरीगोल्ड’, छोट्याचा ‘फ्रेंच मेरीगोल्ड’. खरं तर दोन्ही अमेरिका खंडातले. छोट्या झेंडूला मराठीत ‘मखमल’ म्हणतात. त्याच्या तपकिरी-लाल पाकळीवरून बोट फिरवलं की हे नाव का पडलं ते कळतं.

भारतात झेंडू आला तो पोर्तुगिजांच्या काळात, ज्या वाटेने मिरची, काजू आणि अननस आले त्याच वाटेने. गोव्यात आणि तळकोकणात झेंडूला ‘रोजा’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेत ‘रोझा’ म्हणजे गुलाब. फ्रेंचांनीही मोठ्या झेंडूला ‘भारताचा गुलाब’ असंच नाव दिलं आहे.

शेवंतीची गोष्ट याहून फार जुनी. चीनमध्ये चौथ्या-पाचव्या शतकात होऊन गेलेला कवी ताओ युआनमिंग नोकरी सोडून खेड्यात राहिला आणि त्याने कुंपणापाशी शेवंती खुडण्याबद्दल लिहिलं. तेव्हापासून ही फुलं तिथे निवृत्त, निर्मळ जगण्याची खूण झाली. नवव्या चांद्रमासाच्या नवमीला चिनी लोक शेवंती पाहायला जातात, शेवंती घातलेलं मद्य पितात. ही तिथी आपल्या पंचांगाशी ताडून पाहिली तेव्हा मी चकित झाले. दोन्हीकडचा महिना अमावस्येनंतर सुरू होतो, त्यामुळे अधिक महिन्याने फरक पाडला नाही तर तो सण नेमका आपल्या खंडेनवमीला येतो. २०२३ साली दोन्ही २३ ऑक्टोबरलाच होते. एकीकडे शेवंती, दुसरीकडे शस्त्रपूजेच्या ताटात झेंडू, एकाच दिवशी.

जपानमध्ये शेवंती राजघराण्याची मुद्रा झाली, सोळा पाकळ्यांची. युरोपात ती रुजली १७८९ साली. मार्सेचे व्यापारी पिएर ब्लांकार यांनी आणलेल्या तीन रोपांपैकी एकच जगलं, जांभळ्या फुलाचं. आज फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरला लोक कबरींवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतात. आपल्याकडे हीच शेवंती गौरीच्या वेणीत आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेत मानाने बसते.

दोघांचा स्वभाव मात्र अगदी वेगळा. दोन्ही एकाच कुळातले, आणि ज्याला आपण एक फूल म्हणतो तो प्रत्यक्षात शेकडो बारीक फुलांचा गुच्छ असतो. पण झेंडू एका हंगामाचा पाहुणा. बी पेरा, तीन-चार आठवड्यांनी रोपं लावा, साधारण दोन महिन्यांत फूल हातात. म्हणूनच शेतकरी दसऱ्यापासून उलटं मोजून लावणीचा दिवस धरतो. शेवंती बहुवर्षायू. ती लावायची काश्यांपासून, म्हणजे बुंध्यापाशी जमिनीतून येणाऱ्या फुटव्यांपासून, आणि तीही एप्रिल-मेमध्ये. मग पावसाळाभर सांभाळायची. तिला लांब रात्र हवी असते. रात्री वाढू लागल्या की ती कळी धरते. झाडाला दिवसाची लांबी शेंड्याला नव्हे तर पानांना कळते, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चायलाख्यान यांनी १९३०च्या दशकात शेवंतीवरच प्रयोग करून दाखवलं. आज पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावून तिला थोपवतात आणि काळं कापड ओढून लवकर फुलवतात, त्यामागे हेच ज्ञान आहे.

घरच्या कुंडीत दोघांनाही ऊन भरपूर लागतं, आणि कोवळेपणी शेंडा खुडला की दोन्ही झाडं भरगच्च होतात. झेंडू चुका पोटात घालतो. शेवंती नाही घालत. एका श्रावणात माझी कुंडी पागोळ्यांखाली राहिली आणि आठवड्यात खालची पानं काळी पडून मुळं कुजली. तेव्हापासून मातीत वाळू जास्त घालते आणि कुंडी विटेवर ठेवते. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसतो. तो पहिल्या दिवशीच बोटाने पुसून काढायचा, थांबायचं नाही.

फूलदाणीत शेवंती दोन आठवडे सहज टिकते. तोरणातला झेंडू तिसऱ्या दिवशी माना टाकतो. पण शेतात झेंडूचं काम शेवंतीला जमत नाही. त्याच्या मुळांतलं ‘अल्फा-टरथायनिल’ हे द्रव्य सूत्रकृमींना, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या बारीक कृमींना, मारक असतं. टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावली की फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटो सोडून झेंडूवर अंडी घालतो. पाकळ्यांतलं ल्युटिन हे पिवळं रंगद्रव्य कोंबड्यांच्या खाद्यात जातं आणि अंड्याचा बलक गडद होतो. शेवंतीचा उपयोग चीनमध्ये पेल्यात. हांगझोऊची पांढरी शेवंती वाळवून गरम पाण्यात टाकली की ती पुन्हा उमलते आणि पाणी फिकट सोनेरी होतं.

दसऱ्यानंतर वाळलेलं तोरण उतरवलं की एक फूल हातात घेऊन देठाकडून चिमटीने सोडवून बघा. आत सुईसारख्या काळ्या बिया निघतात, टोकाला फिकट झुपका असलेल्या. त्या कागदात गुंडाळून पुढच्या जुलैपर्यंत कोरड्या ठेवायच्या. शेवंतीचा बहर संपला की तिला जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटायचं. थंडी सरता सरता बुंध्यापाशी हिरव्या काश्या डोकं वर काढतात.