लॉर्ड एडवर्ड फिट्झजेराल्ड: ड्यूकच्या घरातला बंडखोर

डब्लिनमध्ये आज आयर्लंडची संसद जिथे भरते, ते लेन्स्टर हाउस मुळात एका घराण्याचा वाडा होता. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १७९८च्या आयरिश उठावाचा एक प्रमुख सूत्रधार, लॉर्ड एडवर्ड फिट्झजेराल्ड, याच घरातला.

एडवर्डचा जन्म १७६३चा. वडील जेम्स हे लेन्स्टरचे पहिले ड्यूक. आई एमिली ही इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ रिचमंडची लेक. प्रसिद्ध ब्रिटिश राजकारणी चार्ल्स जेम्स फॉक्स हा तिच्या बहिणीचा मुलगा. एडवर्डला समजून घ्यायचं तर सुरुवात एमिलीपासूनच करावी लागते. तिला दोन लग्नांतून बावीस मुलं झाली. तत्त्वज्ञ रूसोच्या शिक्षणविषयक विचारांनी ती इतकी भारावली होती, की मुलांना शिकवायला तिने त्यालाच बोलावलं. तो आला नाही. मग विल्यम ओगिल्वी हा स्कॉटिश शिक्षक नेमला गेला आणि ब्लॅकरॉकच्या समुद्रकाठच्या घरी ड्यूकची मुलं बागेत राबू लागली. ड्यूकच्या निधनानंतर, १७७४ मध्ये, एमिलीने या ओगिल्वीशीच लग्न केलं. उच्चनीचतेची पहिली भिंत घरात आईनेच पाडली होती, असं मला वाटतं.

१७८१ मध्ये एडवर्ड अमेरिकेत ब्रिटिश सैन्याकडून लढत होता. युटॉ स्प्रिंग्जच्या लढाईत तो जखमी होऊन पडला. गुलामीतून निसटलेल्या टोनी स्मॉलने त्याला आपल्या झोपडीत नेऊन जगवलं. पुढे टोनी त्याच्याकडेच राहिला.

नंतर एडवर्ड आयरिश संसदेत गेला. देशात बहुसंख्य असलेल्या कॅथलिकांना त्या सभागृहाची दारं बंदच होती. १७९२ मध्ये पॅरिसला क्रांतिवादी लेखक टॉमस पेनच्या सहवासात असताना त्याने एका मेजवानीत आपला ‘लॉर्ड’ हा किताब जाहीरपणे सोडला. सैन्यातून त्याला काढून टाकण्यात आलं. त्याच वर्षी त्याने पामेला नावाच्या तरुणीशी लग्न केलं. १७९६ मध्ये तो उठावाची तयारी करणाऱ्या ‘युनायटेड आयरिशमेन’ या क्रांतिकारी संघटनेत सामील झाला.

त्याच्या डोक्यावर १,००० पौंडांचं इनाम लागलं. १९ मे १७९८ रोजी डब्लिनच्या टॉमस स्ट्रीटवर तो पकडला गेला. झटापटीत त्याच्या खंजिराने त्याला पकडायला आलेला कॅप्टन रायन प्राणांतिक जखमी झाला आणि रायनबरोबरच्या मेजर सरची गोळी एडवर्डच्या खांद्यात घुसली. पुढच्याच आठवड्यात उठावाचा भडका उडाला. ४ जूनला तुरुंगात एडवर्डने प्राण सोडला, वयाच्या ३४व्या वर्षी. आदल्या रात्री मावशी लुइझा आणि भाऊ हेन्री यांना त्याची शेवटची भेट मिळाली होती.

मृत्यूनंतर संसदेने त्याला राजद्रोही ठरवलं आणि त्याची मालमत्ता जप्त झाली. तो ठपका १८१९ मध्ये पुसला गेला. एमिली १८१४ मध्येच वारली होती.