मालवणची होडी आणि पाण्यावर न दिसणारी हद्द

पर्यटकांची होडी मालवणच्या समुद्रात कुठवर जाऊ शकते, कुठे थांबू शकते आणि माणसं कुठे पाण्यात उतरवू शकते, यावर दर हंगामात नव्याने वाद होतो. कधी किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकर आणि पर्यटकांना पाण्याखाली नेणारे स्कूबावाले समोरासमोर येतात, कधी होडीवाले आणि सरकारी खाती. सगळे आपापल्या जागी बरोबर असल्यासारखे बोलतात, कारण मूळ घोळ १९८७ सालचा आहे आणि तो कुणी नीट सोडवलेला नाही.

त्याआधीचं थोडक्यात. कुरटे बेट, त्यावरचा सिंधुदुर्ग किल्ला, शेजारचा पद्मगड हे सगळ्यांना ठाऊक आहे. माणसांची ने-आण करणं हा इथल्या होडीवाल्यांचा जुनाच धंदा. मुंबईची आगबोट यायची ती खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावांतून, होड्यांतून बंदरात यायचे. ऐंशीच्या दशकात ही उतारू वाहतूक संपली. उरली ती किल्ल्याची फेरी, तीही वल्ह्यावर, शिडावर, आणि बाकी वेळ मासेमारी. त्यामुळे 'पर्यटन आलं आणि मच्छीमार होडीवाला झाला' असं जे म्हणतात ते अर्धंच खरं आहे.

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातलं ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र, उरलेलं बफर, म्हणजे भोवतीचा कमी कडक पट्टा. हेतूबद्दल वाद नाही. खडपांवरचं प्रवाळ, शेवाळं आणि माशांची पैदास सांभाळायची होती. पण हद्द पाहा. ईशान्येकडची रेघ मालवण बंदरापासून ५० मीटरवर. म्हणजे जेटीचा दोर सोडला, इंजिनाची दोरी ओढली, होडीने तोंड वळवलं की अभयारण्य सुरू. गाभा क्षेत्रात काय येतं? सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतीचे खडक. ज्या ठिकाणी लोक पिढ्यान् पिढ्या होडीने जातात, तेच सगळ्यात कडक संरक्षणाचं ठिकाण ठरलं. नकाशावर रेघ मारणाऱ्यांनी एकदा तरी त्या होडीत बसायला हवं होतं, असं वाटून जातं.

घोळ इथेच वाढतो, कारण १९७२चा वन्यजीव कायदा जंगल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. अभयारण्यात परवान्याशिवाय कोण जाऊ शकतं याच्या यादीत तिथले परवानगी असलेले रहिवासी आहेत, तिथे स्थावर मालमत्तेचा हक्क असलेले लोक आहेत आणि सार्वजनिक रस्त्याने जाणारे आहेत. समुद्रात सार्वजनिक रस्ता कोणता? तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, किल्ल्याकडे जाताना बुडीत खडकांमधून जी वाकडीतिकडी वाट काढतो ती शेकडो वर्षांची आहे, पण ती कागदावर रस्ता म्हणून नाही. मच्छीमाराचा समुद्रावरचा हक्क तर स्थावर मालमत्तेत बसतच नाही. शिवाय त्या वेळच्या कायद्यात आधी अधिसूचना निघायची आणि हक्कांची चौकशी मागाहून व्हायची.

१९९१ साली कायद्यात दुरुस्ती झाली. प्रादेशिक समुद्र अभयारण्यात घ्यायचा असेल तर केंद्राची संमती हवी, हद्द नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकाच्या सल्ल्याने ठरवावी आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी तजवीज आधी करावी, असं त्यात आलं. आणखी एक वाक्य आलं: अधिसूचनेमुळे कोणत्याही जहाजाच्या वा होडीच्या निरुपद्रवी ये-जा करण्याच्या हक्काला बाध येणार नाही. मालवणची अधिसूचना या दुरुस्तीच्या चार वर्षं आधीची. अभयारण्याला विरोध करणारे नेमकं यावर बोट ठेवतात, आणि माझ्या मते त्यात तथ्य आहे.

आता ही 'निरुपद्रवी ये-जा' म्हणजे काय, यावर सगळं अडतं. मूळ कल्पना आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यातली, परक्या जहाजांसाठीची: न रेंगाळता पार व्हा, किनारी देशाला त्रास देऊ नका. किल्ल्याला माणसं पोचवणारी होडी यात सहज बसावी. पण जी होडी खडपाशेजारी नांगर टाकते, दहा जणांना चष्मे आणि नळ्या देऊन पाण्यात सोडते आणि तासाभराने उचलते, तिची ये-जा म्हणायची की मुक्काम? नांगराने प्रवाळ तुटतं, हे होडीवालेही खाजगीत नाकारत नाहीत. दुसरीकडे, त्याच कायद्यात परवाना देण्याच्या कारणांमध्ये पर्यटन स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे पर्यटनाला बंदी नाही, पण परवाना हवा. आणि बैठकीत कुणीतरी विचारतोच, "रेघ दर्यात खंय असा ती आधी दाखवा."

रेघेला दहा वर्षं झाली तोच, १९९७ मध्ये, सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढच्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. एका हाताने समुद्र राखायचा आणि दुसऱ्या हाताने पाहुणे बोलवायचे, असे दोन निर्णय एकाच पाण्यावर येऊन बसले. लाकडी होडीच्या जागी फायबर आलं, मागे आऊटबोर्ड इंजिन लागलं. गर्दी दक्षिणेला, कर्ली नदीच्या मुखाशी देवबागला सरकली. तिथली फेरी आता पाठ झालेली आहे: डॉल्फिन, निवतीचा किल्ला, गोल्डन रॉक, भोगवे, संगम, त्सुनामी आयलंड. यातलं शेवटचं बेट नव्हेच, खाडीच्या तोंडाशी साठलेली वाळू आहे, भरतीला बरीचशी पाण्याखाली जाणारी. नाव डिसेंबर २००४ नंतरचं, आणि ते इतकं चाललं की जुनं नाव विचारायचं कुणाला सुचत नाही.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी, वीसेक पर्यटक असलेली बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. जलपर्यटन दरवर्षी २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतं. म्हणजे बंदीला दोन दिवस उरले होते. त्यानंतर बोलणं प्रवासी संख्या आणि लाइफ जॅकेटभोवती फिरू लागलं. हद्दीचा विषय मागे पडला.

आता लक्ष आणखी बाहेर, निवतीसमोरच्या खडकाळ बेटांकडे आहे. इंग्रजी कागदपत्रांत ही 'बर्न्ट आयलंड्स'. पोर्तुगीजांनी त्यांना जळकी बेटं म्हटलं, त्याचं ते भाषांतर. तिथे दीपगृह आहे, गुहांत पाकोळी पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका याच भागात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. ही जागा १९८७च्या रेघेच्या बाहेर पडते, त्यामुळे जुना वाद तिथे लागू नाही. अडचण दुसरी आहे. तिथे जायचं तर मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, वाहत असतानाच, पहाटे निघावं लागतं. दुपारी समुद्राकडून खारा वारा उठला की लहान होडी घेऊन तिकडे जायला निवतीचा तांडेल सहसा राजी होत नाही, पैसे कितीही द्या.